सरकारी वकील व्हायचे आहे? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

या वेळच्या पत्रांत सरकारी वकिलांविषयीचे प्रश्न बरेच आले. कोणाला मुलीला सरकारी वकील करायचे आहे, कोणाची केस सरकारी वकिलाच्या हातात आहे, तर एका वाचकाने अमेरिकेच्या बातम्यांत सारखे दिसणारे एक पद विचारले आहे. त्यातली पाच पत्रे इथे घेतली आहेत.

मुलगी यंदा आर्ट्समधून बारावी झाली, ५८ टक्के मिळाले. तिला सरकारी वकील व्हायचे आहे. पाच एकर कोरडवाहू वावर आहे, घरात कोणी वकील नाही. किती वर्षे लागतील? आधी बी.ए. करू द्यावे का? (एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

आधी वर्षांचा हिशेब बघा. बारावीनंतरचा एकत्रित कायद्याचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. आधी बी.ए. आणि मग तीन वर्षांचा एलएल.बी. केला तर सहा. फरक एका वर्षाचाच आहे. पण पदवी हातात आली म्हणजे सरकारी वकील होता येते असे नाही. तालुका कोर्टात उभे राहणारे सहायक सरकारी अभियोक्ता, ज्यांना सगळे ‘एपीपी साहेब’ म्हणतात, त्या गट-अ पदासाठी कायद्याच्या पदवीनंतर पाच वर्षे प्रत्यक्ष वकिली लागते. म्हणजे कमीत कमी दहा वर्षे, आणि जाहिरात, परीक्षा, मुलाखत धरून अकरा-बारा. हे मुलीला आजच सांगा. पदवी झाली की दुसऱ्या वर्षी नोकरी, या समजुतीने पोरे येतात आणि वकिलीच्या तिसऱ्या वर्षी सोडून जातात.

तिचे मन पक्के असेल तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्या. थोडी जरी शंका असेल तर बी.ए. करू द्या, कारण मध्येच कायदा सोडावासा वाटला तरी एक पूर्ण पदवी हातात राहते.

प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या विधी सीईटीतून होतो. पाच वर्षांसाठी बारावीला आणि तीन वर्षांसाठी पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. तुमच्या मुलीचे ५८ पुरेसे आहेत. पेपर बहुपर्यायी असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचे असेल तर क्लॅट ही वेगळी परीक्षा आहे. तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो आणि फीही बरीच जास्त आहे. सरकारी वकील होण्यासाठी ते विद्यापीठच लागते असे अजिबात नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर इथल्या विधी महाविद्यालयांची पदवी तेवढीच चालते.

फीच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या फी-सवलतीसाठी प्रवेश सीईटी कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश, फेरीतून झालेला असावा लागतो. फेरीत नाव आले नाही म्हणून घाईत व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर ती सवलत जाते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, जात वैधता यांचे अर्ज निकालाची वाट न पाहता टाका. वैधता समितीकडे कागद अडकला आणि जागा हातची गेली, हे दर वर्षी घडते.

शिकताना इंटर्नशिप करावी लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवडे सांगितले आहेत. पुष्कळ विद्यार्थी हे आठवडे नुसत्या सही-शिक्क्यावर काढतात. तुमच्या मुलीने ते दारव्ह्याच्या कोर्टातच काढावेत. सकाळी अकराला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसची यादी, वाचायचा, एका केसची फाईल दोषारोपपत्रापासून शेवटच्या रोजनाम्यापर्यंत (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झाले त्याची नोंद) वाचायची आणि दुपारी त्याच केसची साक्ष ऐकायची. खालच्या कोर्टात जबाब, पंचनामा, साक्ष सगळे मराठीत चालते. गावच्या मुलीला तिथे कमीपणा वाटण्याचे कारण नाही, उलट धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद म्हणजे काय हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजी मात्र रोज तासभर वाचायलाच हवे. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते आणि निकालही बहुतेक त्याच भाषेत मिळतात.

पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यायची. नोंदणी शुल्क कायद्याने ठरलेले आहे: सर्वसाधारण उमेदवारांना ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. याहून जास्त नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिलांना घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी ठरवले. मुद्रांक शुल्क वेगळे. मग अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची. तिला १०० प्रश्न असतात, पास होण्यासाठी ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. टिपा नसलेले बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसती कलमे छापलेली कायद्याची पुस्तके, आत नेता येतात. कोणते कलम कोणत्या पानावर आहे हे ज्याला माहीत आहे तो पास होतो. पुस्तक पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्ये उघडणारा त्यातच वेळ घालवून बसतो.

पुढची पाच वर्षे सगळ्यात कठीण, आणि तुमच्या कुटुंबाला खरा आधार तेव्हा द्यावा लागेल. पहिली दोन वर्षे ज्युनिअरला येण्या-जाण्याचे भाडे आणि चहापाणी निघाले तरी पुष्कळ. त्या काळात घरून पैसे मागताना मुलीला लाज वाटू नये, एवढी सोय आतापासून करून ठेवा. सीनिअर निवडताना नाव मोठे की ऑफिस मोठे हे पाहू नका. रोज फौजदारी काम असलेला आणि ज्युनिअरला स्वतः साक्षीदार तपासू देणारा सीनिअर बघा.

अमेरिकेच्या बातम्यांत ‘माजी फेडरल प्रॉसिक्युटर’ अशी ओळख सारखी येते. हे पद काय आहे? हे लोक निवडून येतात का? आपल्याकडे तसे कोण? (एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती)

अमेरिकेत दोन पातळ्यांवर खटले चालतात. खून, चोरी, मारामारी असे बहुतेक गुन्हे राज्यांच्या कायद्याखाली येतात आणि ते चालवणारा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी बहुतेक ठिकाणी मते मागून निवडून येतो. फेडरल प्रॉसिक्युटर वेगळा. तो संघराज्याचे, म्हणजे केंद्राचे कायदे मोडणाऱ्यांवर खटले चालवतो: शेअर बाजारातील फसवणूक, राज्याबाहेर पसरलेला अमली पदार्थांचा व्यापार, दहशतवाद, लाचखोरी. तो निवडून येत नाही.

देशात ९४ फेडरल न्यायजिल्हे आणि त्यांच्यावर ९३ यू.एस. अ‍ॅटर्नी आहेत, कारण गुआम आणि नॉर्दर्न मारियाना बेटांना मिळून एकच आहे. त्यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने चार वर्षांसाठी करतात. हे पद १७८९ च्या कायद्यापासूनचे आहे. न्याय विभाग त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८७० मध्ये उभा राहिला. रोज कोर्टात उभे राहतात ते त्यांच्या हाताखालचे असिस्टंट यू.एस. अ‍ॅटर्नी. बातम्यांतले ‘माजी फेडरल प्रॉसिक्युटर’ बहुधा यांच्यातलेच असतात.

शिक्षण असे: आधी चार वर्षांची कोणतीही पदवी, मग तीन वर्षांची जे.डी. ही कायद्याची पदवी, मग एखाद्या राज्याची बार परीक्षा. बारावीनंतर थेट कायदा ही सोय तिथे नाही. हुशार विद्यार्थी पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे एखाद्या न्यायाधीशाकडे क्लर्क म्हणून राहतात. क्लर्क म्हणजे बाबूगिरी नव्हे, निकालासाठी कायद्याचा अभ्यास करून टिपणे तयार करणे. असिस्टंट यू.एस. अ‍ॅटर्नीसाठी जे.डी.नंतर किमान एक वर्षाचा अनुभव आणि बारचे चालू सदस्यत्व लागते. काही वर्षे हे काम केले की बरेच जण मोठ्या लॉ फर्ममध्ये जातात, न्यायाधीश होतात, शिकवतात किंवा निवडणूक लढवतात. म्हणून ‘माजी’ इतके दिसतात.

प्रीत भरारा यांचे उदाहरण घ्या. जन्म १९६८ चा, पंजाबातल्या फिरोजपूरचा. हार्वर्डची पदवी १९९० मध्ये, कोलंबियाची कायद्याची पदवी १९९३ मध्ये, मग खासगी फर्ममध्ये काम. २००० ते २००५ न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्टमध्ये असिस्टंट यू.एस. अ‍ॅटर्नी, मग सिनेटमध्ये कायदेविषयक काम, आणि २००९ ते २०१७ त्याच डिस्ट्रिक्टचे यू.एस. अ‍ॅटर्नी. राजीनामा द्यायला नकार दिल्यावर मार्च २०१७ मध्ये त्यांना काढण्यात आले. मराठी वाचकांना त्यांचे नाव डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या भारतीय राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना झालेल्या अटकेमुळे आठवत असेल.

आपल्याकडे केंद्राच्या यंत्रणांचे, म्हणजे सीबीआय आणि एनआयएचे, स्वतंत्र सरकारी वकील असतात. सीबीआयच्या या पदांची जाहिरात यूपीएससी काढते. पण तुम्ही अमरावती जिल्ह्यातून लिहिता, तेव्हा आम्हाला जवळचे उदाहरण आठवते. भूषण गवई अमरावतीचे, तिथल्या मराठी शाळेत शिकलेले, कायदाही अमरावती विद्यापीठातून. १६ मार्च १९८५ रोजी ते वकिलीत आले. ऑगस्ट १९९२ मध्ये नागपूर खंडपीठात सहायक सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी अभियोक्ता झाले, जानेवारी २००० मध्ये तिथलेच मुख्य सरकारी वकील. २००३ मध्ये उच्च न्यायालयात, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आणि १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश. भरारा यांना पदवीनंतर सरकारची बाजू मांडायला मिळाली ती सात वर्षांनी. गवई यांनाही वकिलीची सात वर्षे भरल्यावरच.

कामातला सर्वात मोठा फरक मात्र पदवीचा नाही. अमेरिकेतला फेडरल प्रॉसिक्युटर तपास चालू असतानाच एफबीआयच्या अधिकाऱ्यांबरोबर बसतो, १६ ते २३ नागरिकांच्या ग्रँड ज्युरीपुढे पुरावा ठेवतो, आणि त्यातल्या किमान १२ जणांची संमती मिळाली तरच गंभीर गुन्ह्याचा आरोप दाखल होतो. आपला सरकारी वकील तपास करत नाही. पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केल्यावर जे कागद हाती येतील त्यावरच त्याला उभे राहावे लागते. गावात लोक म्हणतात, ‘सरकारी वकिलाने केस घालवली.’ बहुतेक वेळा ती पंचनाम्याच्या दिवशीच गेलेली असते.

वकिलीला तीन वर्षे झाली. एपीपीच्या परीक्षेची तयारी करतो. दुपारनंतर भावाच्या कृषी केंद्रात बसतो, परवाना माझ्या नावावर करायचे चालले आहे. अनुभव मोजताना अडचण येईल का? (एक वकील, ता. आर्वी, जि. वर्धा)

परवाना स्वतःच्या नावावर घेऊ नका. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही आणि पूर्ण वेळ पगारी नोकरी करायची तर सनद स्थगित ठेवावी लागते. भावाला हंगामात मदत करणे वेगळे आणि खते-बियाण्यांच्या परवान्यावर, जीएसटी नोंदणीवर तुमचे नाव असणे वेगळे. कागदपत्रांच्या पडताळणीत असेच नाव वर येते.

अनुभवाचा पुरावा आजपासून जमवा. दोनशे पानी वही घ्या आणि रकाने आखा: केस नंबर, कोर्ट, पक्षकार, वकीलपत्राची तारीख, तुम्ही स्वतः केलेले काम, निकाल. महिन्यातून दोन-तीन महत्त्वाच्या रोजनाम्यांच्या नकला काढून ठेवा. त्यात ‘आरोपीतर्फे वकील हजर’ एवढेच न लिहिता तुमचे नाव आले आहे का, ते त्याच दिवशी पाहा. पाच वर्षांनी प्रमाणपत्र मागायला जाल तेव्हा तेव्हाचे न्यायाधीश बदलून गेलेले असतात. नव्या साहेबांपुढे ठेवायला कागदच लागतो. सगळी वकीलपत्रे सीनिअरच्या नावाने असतील, तर प्रत्येक नव्या केसमध्ये आपलेही नाव घालायला सांगा.

२० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातली तीन वर्षांच्या वकिलीची अट कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदाची आहे. एपीपीची पाच वर्षे वेगळी. दोन्हींची गल्लत करू नका. एपीपीची जाहिरात दर वर्षी निघत नाही, म्हणून न्यायाधीशपदाची तयारीही सोबत ठेवा. अभ्यासक्रमाचा बराच भाग सारखाच आहे.

तयारीत नवे-जुने दोन्ही कायदे लागतील. नवे कायदे लागू होण्यापूर्वी, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वी, घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागते आणि असे खटले अजून कित्येक वर्षे चालतील. नव्यापैकी या गोष्टी हातात बसल्या पाहिजेत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८ ते २०: सरकारी अभियोक्ता, सहायक अभियोक्ता आणि अभियोग संचालनालय. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या खटल्यांवर सहायक संचालकांची देखरेख, सात ते दहाच्या आतील खटल्यांवर उपसंचालकांची, दहा वर्षे किंवा जास्त, जन्मठेप आणि फाशीच्या खटल्यांवर संचालकांची. कलम १७६(३): सात किंवा जास्त वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे. कलम १०५: झडती आणि जप्तीचे चित्रीकरण.

मोबाईलवरच्या पुराव्याकडे विशेष लक्ष द्या. मारहाणीचा व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये घालून फाईलला टाचला म्हणजे पुरावा झाला नाही. पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्याचे भाग दोन: एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून संगणक काढतो तो अंक-अक्षरांचा ठसा, लिहायचे असते. फाईलमध्ये एक कणभर बदल झाला तरी ते मूल्य बदलते, म्हणून त्यालाच महत्त्व आहे.

मुलाखतीत सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची तपासणी, कशी घ्याल असे विचारले, तर मुद्देमालाचे उदाहरण द्या. जप्त कुऱ्हाड कापडात बांधलेली, लाखेचे सील, लेबलावर गुन्हा नंबर आणि दोन पंचांच्या सह्या. पंच साक्षीदाराला ‘हीच कुऱ्हाड आरोपीने काढून दिली ना?’ असे विचारले तर तो सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारा, प्रश्न झाला, बचावाचा वकील लगेच हरकत घेईल. आधी विचारायचे, ‘त्या दिवशी पोलिसांनी तुम्हाला कुठे नेले?’ मग, ‘तिथे काय झाले?’ त्याने वस्तूचे नाव घेतल्यावर पाकीट दाखवून सहीची ओळख, कोर्टाच्या परवानगीने सील उघडणे आणि मग वस्तू. लेबलावर एकाच पंचाची सही निघाली तर तिथेच घाम फुटतो. म्हणून साक्षीच्या आदल्या दिवशी पैरवी पोलिसाला (पोलीस ठाण्यातर्फे कोर्टाचे काम पाहणारा) सांगून मुद्देमाल बघून घेणारा एपीपी चांगला.

‘सरकारी वकील’, ‘सरकारी अभियोक्ता’, ‘विशेष सरकारी वकील’ हे सगळे एकच का? (एक विद्यार्थिनी, ता. मूल, जि. चंद्रपूर)

नाही. बोलताना सगळेच सरकारी वकील, पण फौजदारीत सरकारची बाजू मांडणारा तो अभियोक्ता. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सहायक अभियोक्ता, त्याला सरकारी नोकरी असते. सत्र न्यायालयात सरकारी अभियोक्ता किंवा अतिरिक्त अभियोक्ता, त्यासाठी वकिलीची किमान सात वर्षे लागतात. जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी करतात आणि सरकार त्यातून नेमते. ही कायमची नोकरी नव्हे. जिल्ह्यात दिवाणीतले सरकारचे कामही बहुधा त्यांच्याकडेच असते. एखाद्याच खटल्यासाठी नेमला तो विशेष सरकारी अभियोक्ता, त्याला दहा वर्षे लागतात. २६/११ च्या खटल्यात उज्ज्वल निकम या नात्याने उभे होते.

धुऱ्याच्या वादातून भावाला काठीने मारले, हात मोडला. केस तालुका कोर्टात आहे. सरकारी वकिलांची भेट होत नाही. त्यांना फी द्यायची असते का? आपला वकील लावता येतो का? ते परस्पर केस मागे घेतील काय? (एक शेतकरी, ता. बाळापूर, जि. अकोला)

फी एक रुपयाही द्यायची नाही. त्यांना पगार सरकार देते.

स्वतःचा वकील लावता येतो, पण तो सरकारी वकिलांच्या सूचनेप्रमाणे काम करतो. आपणहून साक्षीदार तपासू शकत नाही. पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. वकील असेल तर दोषारोपपत्राची आणि जबाबांची प्रत तुम्हालाही फुकट मिळते. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत ती द्यावी असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २३० सांगते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर अकोल्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

केस मागे घेणे सरकारी वकिलांच्या एकट्याच्या हातात नाही. त्याच संहितेच्या कलम ३६० प्रमाणे कोर्टाची संमती लागते आणि पीडिताला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्टाला ती देता येत नाही.

भेटीसाठी पेशीच्या दिवशी कोर्ट सुरू होण्याआधी अर्धा तास जा. त्या वेळी त्यांच्या टेबलावर दिवसभराच्या फाईली असतात आणि ते त्याच चाळत असतात. लांबलचक कहाणी सांगू नका. एका कागदावर केस नंबर, पुढची तारीख आणि दोन गोष्टी लिहून द्या. पहिली, एक्स-रे. ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यावर ‘फ्रॅक्चरची शक्यता’ एवढेच असेल आणि प्लेट फाईलला नसेल, तर हात मोडल्याचे शाबीत होत नाही आणि गंभीर दुखापतीचे कलम साध्या दुखापतीवर येते. प्लेट घरी ट्रंकेत पडली असेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी पोच घेऊन द्या. दुसरी, साक्षीदार. शेजारच्या वावरातल्या ज्याने पाहिले त्याचा जबाब नोंदला आहे का आणि तो सोयाबीन काढणीला बाहेरगावी जाणार आहे का, हे सांगा. समन्स घरी नेऊन लावले आणि माणूस गावात नाही, अशाने दोन-दोन वर्षे जातात. नवा पत्ता आणि मोबाईल नंबर पैरवी पोलिसाकडेही लिहून ठेवा.